अमेरिकन स्टडीजमध्ये नेमकं काय शिकवतात? मुलीला हा मेजर घेऊ द्यावा का?

तुमची मुलगी बारावीनंतर अमेरिकेला निघाली आहे, तिला मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, म्हणून अमेरिकन स्टडीज घ्यायचंय आणि 'सगळ्यातलं थोडं थोडं, धड काहीच नाही' असं होईल का, ही तुमची शंका. अमेरिकेचा इतिहास, अर्थकारण, समाज आणि संस्कृती एकत्र अभ्यासायचा हा विषय. मी चार वर्षं हाच विषय शिकले, म्हणून लिहिते.

दुसऱ्या वर्षी आम्ही अख्खं सेमिस्टर एकाच वसाहतीवर घालवलं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं लेविटाउन. 1947 मध्ये तिथल्या बटाट्याच्या शेतांत एकसारखी छोटी घरं उभी राहू लागली आणि काही वर्षांतच 17 हजारांच्या वर गेली. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना राहायला जागा नव्हती, हा झाला इतिहास. अशा सैनिकांना मदत देणाऱ्या 1944 च्या जी.आय. कायद्यामुळे आणि सरकारी हमीच्या कर्जामुळे हप्ता परवडू लागला, हे अर्थशास्त्र. मग सरांनी सुरुवातीचा भाडेकरार वाचायला दिला. गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही, असं कलम त्यात होतं! असे निर्बंध न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये दिला, तरी बिल्डर कृष्णवर्णीयांना घरं देईना. त्यानंतर त्या काळच्या घरांच्या जाहिराती पाहिल्या, तेव्हा त्यातलं हसरं कुटुंब गोरंच का, हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. घराची किंमत वाढते आणि ते घर पुढे मुलांना मिळतं. ज्यांना घर घेऊच दिलं नाही, त्यांच्या नातवंडांच्या हाती काय आलं असेल? नुसता इतिहास किंवा नुसतं अर्थशास्त्र शिकले असते, तर या प्रश्नापर्यंत मी पोचले नसते.

शेवटच्या वर्षीच्या प्रबंधासाठी मी जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' घेतली. 1873 सालचं हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं आहे. कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क मिळून तेव्हा जेमतेम 3 वर्षं झाली होती आणि 1877 नंतर दक्षिणेत तो पद्धतशीरपणे हिरावला गेला. पुण्यात बसून जोतीरावांनी पाहिलेली अमेरिका आणि प्रत्यक्षातली अमेरिका शेजारी ठेवून वाचताना मी कितीदा तरी थांबले. आपल्या मुलांनी हा विषय जरूर शिकावा असं मला वाटतं, ते यासाठीच.

आता व्यवहाराचं. या पदवीला ठरलेली नोकरी नाही. माझ्यासोबतचे काही वकिलीकडे गेले, काही पत्रकारितेत, मी एका संग्रहालयात जुनी कागदपत्रं सांभाळते. हा विषय 'स्टेम'मध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत नाही, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर तिथे कामाची मुभा साधारण 12 महिन्यांचीच मिळते, पुढची 24 महिन्यांची मुदतवाढ नाही. तिथेच नोकरी करायची असेल तर सोबत संख्याशास्त्रासारखा 'स्टेम'मधला दुसरा मेजर घ्यावा, असं मी स्पष्टच सांगेन.

मेजर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवता येतो. पहिल्या वर्षी तिला यातला एक कोर्स करू द्या आणि त्यात तिने लिहिलेला निबंध तुम्हीही वाचा.