नऊ फुटी लाँगबोर्डवर शिकलोय, आता सहा फुटी घेऊ का?

तुमचा प्रश्न वाचला. गोव्यात भाड्याच्या नऊ फुटी सॉफ्ट-टॉपवर (वरून मऊ फोमच्या शिकाऊ सर्फबोर्डवर) सर्फिंग शिकलात, वर्षातून दोनदा समुद्रावर जाता, वजन ७८ किलो, आणि मित्र त्याचा सहा फूट दोन इंची थ्रस्टर (तळाला तीन फिनांचा, म्हणजे छोट्या पंखांचा, आखूड बोर्ड) स्वस्तात विकायला काढतोय. घेऊ नका. इथेच थांबले असते, पण तुम्ही पुढे लिहिलंय, "लाँगबोर्ड शिकाऊ लोकांचा, छोटा बोर्ड म्हणजे खरं सर्फिंग." हे वाक्य आमच्या घरात माझ्या धाकट्या दिराचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही चेन्नईला राहतो. मी शनिवार-रविवारी कोवलमला जाते (चेन्नईजवळचं, केरळातलं नव्हे). दीर सॅन डिएगोला असतो, तिथेच सर्फिंग शिकला. एका ऑगस्टमध्ये तो आपला सहा फुटी बोर्ड विमानाचं जादा भाडं भरून घेऊन आला आणि आमच्या गाडीच्या टपावर बांधलेला माझा बोर्ड बघून म्हणाला, "वहिनी, हा बोर्ड आहे की पलंग?" एवढ्यावर भागलं नाही. फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनीही हसण्याचे इमोजी पाठवले. नवरा गप्प बसला, तेही माझ्या लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पाण्यात. त्या दिवसांत तिथे सकाळी जमिनीकडून वारा असतो, आपल्या कोकणात ज्याला मतलई म्हणतात तो, त्यामुळे लाटेचा चेहरा, म्हणजे समोरचा उतार, कसा स्वच्छ राहतो. लाटा कमरेएवढ्या, मऊ, सावकाश उठणाऱ्या. दीर बोर्डावर बसला तर पाणी त्याच्या बरगड्यांपर्यंत. लाट आली की तो जीव खाऊन पॅडल करायचा (पालथं पडून हातांनी पाणी मारायचा), लाट त्याच्या बोर्डाला मागून जराशी उचलायची आणि खालून निघून जायची. मग तो किनाऱ्याकडे आत सरकला, लाट जिथे फुटते तिथे. तिथे लाट मिळायची, पण तो उभा राहीपर्यंत नुसता फेस उरायचा. मी त्याच्याही बाहेर, समुद्राच्या बाजूला, बोर्डावर बसले होते. तीन-चार हात मारले की नऊ फूट आपोआप चालायला लागतात. लाट उभी राहायच्या आधीच मी तिच्यावर, उजवीकडे तोंड करून, आणि तशीच पार किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यापर्यंत. परत फिरताना कोळ्यांची पोरं शिट्ट्या मारत होती. दिराकडे मी बघितलं नाही असं म्हणणार नाही.

पाण्याबाहेर आल्यावर तो म्हणाला, "लाटेत दमच नाही." अगदी बरोबर! बोर्ड लाटेला बघून घ्यायचा असतो, इभ्रतीला बघून नाही. लांब बोर्डाला लिटर (म्हणजे आकारमान) जास्त, तळ सपाट, रॉकर (टोकांकडचा बाक) कमी, म्हणून तो अशक्त लाटेवरही लवकर धावतो. छोट्याला उभी लाट लागते आणि टेक-ऑफही (लाट पकडून उभं राहणं) उशिराचा, त्यात मागचा पाय पहिल्याच झटक्यात फिनांच्या वर पडावा लागतो. लाँगबोर्डवर पाय चुकला तर चालत जाऊन सुधारता येतं. छोट्यावर चालायला जागाच नसते.

इडल्या येईपर्यंत त्याचं व्याख्यान चाललं. लाँगबोर्डने माणूस आळशी होतो, सवयी बिघडतात, सरळ सहा फुटी घ्यायचा आणि सहा महिने आपटायचं. अरे, तुझ्या घरापासून समुद्र दहा मिनिटांवर, तू आपट. ज्याला वर्षातले आठ-दहा दिवस मिळतात त्याने तेही आपटण्यात घालवायचे? आणि कॅलिफोर्नियाचं मलाच काय सांगतोस, तिकडे सॅन ओनोफ्रेच्या किनाऱ्यावर म्हातारे-तरुण सगळे लाँगबोर्ड घेऊनच जातात. बोर्ड आखूड व्हायला लागले त्या गोष्टीत तुझं सॅन डिएगोच आहे. १९६६ ची जागतिक स्पर्धा तिथे झाली. ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग ती ज्या बोर्डावर जिंकला तो पातळ आणि चपळ होता, पण लांबी नऊ फूट चार इंच! त्यानंतर दोनेक वर्षांत बोर्ड भराभर आखडले. तुझा तीन फिनांचा थ्रस्टर तर ऑस्ट्रेलियाच्याच सायमन अँडरसनने १९८१ मध्ये गाजवला. म्हणजे त्याआधीची माणसं काय खोटं सर्फिंग करत होती? यावर तो म्हणाला, "वहिनी, चटणी द्या."

तर तुमचं. मी स्वतः पुढे साडेसात फुटीवर आले, तेव्हा तुम्हाला छोट्याकडे जाऊच नका असं सांगत नाही. पण एका दमात तीन फूट उतरू नका. फेसावर उभं राहणं धरू नका. न फुटलेली लाट स्वतः निवडून, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंना जाता येतं का? मागच्या पायावर वजन टाकून वळता येतं का, की नुसतं झुकता? हे जमत नसेल तर बोर्ड बदलून काहीही होणार नाही. जमत असेल तर सात ते साडेसात फुटी मिड-लेंग्थ (मधल्या लांबीचा बोर्ड) बघा. फुटांपेक्षा लिटर महत्त्वाचे. शिकाऊ नऊ फुटीत सत्तरहून जास्तच लिटर असतात. मुरलेला सर्फर किलोमागे ०.३५ ते ०.४ लिटरवर भागवतो, तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसाला किलोमागे ०.६ तरी हवेत. म्हणजे तुम्ही ४७ लिटरच्या खाली उतरू नका. मित्राच्या बोर्डावर फिनांजवळ किंवा तळाला आकडा लिहिलेला असेल, तो बघा. पस्तीसच्या आत निघेल असा माझा अंदाज.

साडेसात फुटीवर पहिल्यांदा जाणवलं ते हे की बसायची जागा बदलली. नेहमीच्या जागी बसून लाट मिळेना, चार-पाच हात आत सरकावं लागलं. तिथे लाट उभी मिळते, नोज (बोर्डाचं पुढचं टोक) खाली जातो, पोटात गोळा येतो, आणि त्याच क्षणी मागचा पाय दाबला की बोर्ड वळतो. हे नऊ फुटीवर कधी होत नव्हतं, कबूल. पण दम लागतो. पॅडल करून खांदे भरून येतात.

हो, एक राहिलं. तुम्ही पंचविशीचे असाल, समुद्राकाठी राहायला जाणार असाल, तर माझं ऐकू नका, दिराचं ऐका. आणि गर्दीच्या लाइनअपमध्ये (सर्फर लाटेची वाट बघत बसतात तिथे) नऊ फुटी हातातून सुटला तर दुसऱ्याचं डोकं फुटतं. त्याबाबतीत लाँगबोर्डवाल्यांना शिव्या पडतात त्या योग्यच पडतात. लाट अंगावर आली की बोर्ड फेकून बुडी मारायची सवय असेल तर ती आधी मोडा, टर्टल रोल शिका, म्हणजे बोर्ड घट्ट धरून त्याच्यासकट उलटं व्हायचं आणि लाट वरून जाऊ द्यायची.

मित्राचा बोर्ड तरीही घ्यायचाच असेल तर अंगठ्याने वरचा भाग सगळीकडे दाबून बघा. कुठे मऊ लागला किंवा तपकिरी डाग दिसला तर आत पाणी गेलंय. फिनांच्या खाचांपाशी चिरा बघा. आणि पैसे द्यायच्या आधी एक शनिवार-रविवार वापरायला मागून घ्या.