क्वालिटी विभागातली नोकरी म्हणजे नुसत्या फायली?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. करून राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये काम करते आहे. आता एका हॉस्पिटलने तिला ‘क्वालिटी एक्झिक्युटिव्ह’ म्हणून बोलावलंय, कारण त्यांना एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं, मानांकन मिळवायचं आहे. ‘फायली रंगवायला पोरीला शिकवलं का?’ हा तुमचा प्रश्न. शिवाय दोन दिवसांचा आयएसओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकांचा, कोर्स करावा का, हेही विचारलंत.

फायली असतात, पण खरं काम वॉर्डात असतं. समजा, रात्री दोन वाजता आयसीयूतल्या रुग्णाचं रक्तातलं पोटॅशियम ६.८, म्हणजे जिवाला धोका होईल इतकं जास्त, आलं. लॅबने लगेच फोन केला का? सिस्टरने आकडा परत उच्चारून खात्री केली का? कोणी, कोणाला, किती वाजता सांगितलं याची नोंद आहे का? डॉक्टरांना कधी कळलं? तपासणीला येणारे असेसर थेट त्या सिस्टरलाच विचारतात, तिथे ऑफिसातली देखणी फाइल उपयोगी पडत नाही. लॅबमधल्या अनुभवामुळे तुमच्या मुलीला हे सगळं इतरांपेक्षा लवकर उमजेल. मला तर हे काम मोलाचं वाटतं, कारण इथली एक चूक माणसाच्या जिवावर बेतते.

एनएबीएच हे भारतीय गुणवत्ता परिषदेचं मंडळ. परिषद १९९७ सालची. लॅबसाठी एनएबीएल आहे, तिथे आयएसओ १५१८९ हे मानक लागतं. दारावरची ‘आयएसओ ९००१’ची पाटी मात्र वेगळी, ती कुठल्याही संस्थेच्या कामाच्या पद्धतीसाठी असते. आयएसओ स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते प्रमाणन संस्था देतात. त्या संस्थेला एनएबीसीबीची (प्रमाणन संस्थांना मान्यता देणारं परिषदेचंच मंडळ) किंवा तशाच दुसऱ्या मान्यता मंडळाची मान्यता आहे का, हे बघायचं. नसेल, तर त्या कागदावर मी विसंबणार नाही. आणि मानांकन मिळालं म्हणजे प्रत्येक रुग्ण बरा होईल अशी हमी नसते. ठरलेली पद्धत रोज पाळली जाते का आणि चुकलं तर सुधारलं जातं का, एवढंच ते सांगतं.

कोर्सचे पैसे सध्या राहू द्या. आधी तिला एनएबीएचची मानकं वाचू दे.

मुलाखतीत तिने एक प्रश्न जरूर विचारावा: ‘गेल्या सहा महिन्यांत चुकांच्या किती नोंदी झाल्या, आणि त्यांवर काय केलं?’ ‘आमच्याकडे चुका होतच नाहीत’ असं उत्तर आलं, तर तिथे जाऊ नये. व्यवस्थापन नोंदी दाखवून मोकळेपणाने बोललं, तर पगार लॅबइतकाच असला तरी खुशाल पाठवा.