पडणाऱ्या मनोऱ्याचं वजन

प्रश्न : जुन्या चित्रपटांत पूल कोसळतात, धरणं फुटतात. ती लहान मॉडेलं असतात म्हणे. मग काही अगदी खरी वाटतात आणि काही पाहताक्षणी खेळणी, असं का?

उत्तर : मी बरीच वर्षं अशी मॉडेलं बनवली आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. खिडक्यांच्या चौकटी, गंजाचे डाग यांवर आम्ही महिनोन्‌महिने राबतो. तरी मॉडेल उघडं पडतं ते बहुधा रंगामुळे नाही, वेळेमुळे. १६ मीटरच्या मनोऱ्यावरून सुटलेली वीट जमिनीवर यायला सुमारे १.८ सेकंद लागतात. १ मीटरच्या मॉडेलवरून ती ०.४५ सेकंदात खाली येते. आपण जन्मभर वस्तू पडताना पाहिलेल्या असतात, त्यामुळे ही घाई डोळ्याला लगेच खटकते.

म्हणून कॅमेरा जलद चालवायचा. मॉडेल जितक्या पट लहान, त्या आकड्याच्या वर्गमुळाइतक्या पट वेग. १६ पट लहान असेल तर ४ पट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम. पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवलं की पडायला बरोबर १.८ सेकंद लागतात आणि मनोऱ्याला वजन येतं. पण ९६ फ्रेमला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला प्रकाश चौथाईच येतो. शिवाय जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट दिसावं म्हणून भिंगाचं छिद्रही बारीक ठेवावं लागतं. मग दिव्यांवर दिवे चढतात. धुळीसाठी मुलतानी माती वापरतात. तिचे कण इतके बारीक की लहान मॉडेलवरही ढग मोठा वाटतो.

पाणी मात्र कशालाच दाद देत नाही. माझं पहिलं धरण २० पट लहान होतं. वेगाचं गणित चोख होतं, तरी बादली लवंडल्यासारखं दिसलं. थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो, आणि तो मॉडेलबरोबर लहान होत नाही. ४ मिलिमीटरचा थेंब त्या धरणापुढे ८ सेंटिमीटरचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून मोठा झाला! दुसऱ्यांदा आम्ही ५ पटच लहान धरण बांधलं, अख्खं आवार त्यात गेलं, आणि भिंत फुटली तेव्हा मी श्वास रोखून उभा होतो. ज्वाळांचंही असंच, त्या लहान करता येत नाहीत. म्हणून पाणी किंवा आग असेल तर जागा आणि पैसा परवडेल तेवढं मोठं मॉडेल करा, असंच मी सांगतो.

हल्ली हे पाणी संगणकात तयार होतं. तिथंही दृश्याचं माप चुकीचं भरलं तर समुद्र टबासारखा हिंदकळतो.

प्रश्न : नटाच्या मागे पडदा लावून चित्रण करतात आणि नंतर त्या पडद्याच्या जागी दुसरं दृश्य बसवतात. तो पडदा हिरवाच का?

उत्तर : बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार बिंदूंपैकी दोन हिरवा प्रकाश टिपतात, लाल आणि निळा प्रत्येकी एकच. त्यामुळे हिरव्याची माहिती जास्त आणि स्वच्छ मिळते. माणसाच्या कातडीपासूनही हा रंग सहज वेगळा काढता येतो. फिल्मच्या काळात निळा पडदा जास्त वापरात होता, आणि नटाचा पोशाख हिरवा असला तर आजही तोच लावतात. मात्र पडद्याला खेटून नटाला उभं करू नका. हिरवी झाक केसांच्या कडांवर उतरते आणि ती पुसण्यात रात्री जातात.