बंदरवाडीचा सदस्य कधी होणार?

गावच्या निवडणुकांविषयी वाचकांनी या वेळी विचारलेल्या प्रश्नांत एक धागा सारखा आहे: आमचे मत मोजले जाते, पण लागू पडत नाही. मी दोनदा अपक्ष उभा राहिलो. पंचायत समितीला पडलो, ग्रामपंचायतीला निवडून आलो. पुस्तकातल्या नियमांइतकेच त्या दोन निवडणुकांनी शिकवलेलेही इथे लिहितो.

प्रश्न : आमची बंदरवाडी खाली, गाव वर. प्रभागात आम्ही २००, वरच्या दोन वाड्यांचे मिळून ४०० मतदार आणि जागा तीन. गेल्या चार निवडणुकांत आमचा एकही माणूस निवडून आलेला नाही. मते कमी पडतात हे खरे. मग तक्रार कशाची करायची? (एक मच्छीमार, दापोली तालुका)

तक्रार आकड्यांचीच करायची. तुम्ही प्रभागाचा तिसरा हिस्सा आहात, तेव्हा तीनपैकी एक जागा तुमच्याकडे यावी असे कोणालाही वाटेल. पण प्रत्येक मतदाराला तीन मते असतात आणि प्रत्येक जागेची लढत वेगळी होते. वरच्या दोन्ही वाड्या एकजूट राहिल्या तर पहिल्या जागेवर ४०० विरुद्ध २००, दुसऱ्या जागेवर तेच आणि तिसऱ्याही जागेवर तेच. कोणी पैसे वाटले नाहीत, कोणी दमदाटी केली नाही, तरी तुमचा तिसरा हिस्सा शून्यावर आला. याला मी अन्याय म्हणतो, आणि तो मतदानाच्या दिवशी झालेला नसतो. प्रभागाची रेघ मारली त्या दिवशीच तो होऊन गेलेला असतो.

राज्यघटनेचा नववा भाग सांगतो की पंचायतीच्या प्रत्येक प्रभागात लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण शक्यतो सारखे असावे. प्रत्येक वाडीला सदस्य द्या, असे तो सांगत नाही. म्हणून सगळे नकाशावर येऊन ठरते. १,५०१ ते ३,००० लोकसंख्येच्या गावाला नऊ सदस्य मिळतात. हे नऊ जण तीन-तीनच्या तीन प्रभागांत बसवायचे की काही प्रभाग दोनचे करायचे, बंदरवाडी वरच्या गावाला जोडायची की पलीकडच्या खारवीवाडीला, यावर तुमची पाच वर्षे ठरतात.

प्रारूप (कच्ची) प्रभागरचना प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी मुदत मिळते, आणि ती थोडीच असते. कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि तहसील कार्यालयात लागतो. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा तुमच्याकडची माणसे ते बघू शकतात, पण हंगामात सगळे समुद्रावर असतात. तेव्हा वाडीतल्या एकाने तेवढ्या काळासाठी हीच जबाबदारी घ्यावी. पहिल्या वेळी मी हरकत रागाने लिहिली होती. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ एवढेच. ती फेटाळली गेली आणि ते बरोबरच होते, कारण तपासण्याजोगे तिच्यात काहीच नव्हते. दुसऱ्या वेळी आम्ही घरांची यादी केली. कोणता पऱ्या (ओढा) वाडीची नैसर्गिक हद्द आहे, कोणती पाखाडी (पायवाट) कुठल्या वाडीला जोडते, हे हाताने काढलेल्या नकाशावर दाखवले आणि दुसरी रेघ कशी मारता येईल तेही सुचवले. ती हरकत मान्य झाली. मुदतीत हरकत घ्या. निवडणूक एकदा जाहीर झाली की न्यायालये सहसा मध्ये पडत नाहीत.

एका सदस्याने एवढा काय फरक पडतो, असे वरच्या गावातले मित्र मला विचारतात. मासळी सुकवायचे ओटे, बंदरावरचा दिवा, वहाळावरचा मोडलेला साकव (लहान पूल) हे विषय बैठकीत कोणीतरी काढावे लागतात. ज्याची आई त्या साकवावरून जाते तो ते काढतोच. इतरांच्या ते लक्षातही येत नाहीत, आणि त्यात त्यांचा दुष्टपणा नसतो.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त विरारला, आई देवगडला. गावच्या घराची घरपट्टी मीच भरतो. माझे नाव गावच्या यादीत ठेवू का? (एक चाकरमानी)

घर तुमचे आहे, घरपट्टी तुम्ही भरता, गणपतीला आणि शिमग्याला न चुकता येता, हे सगळे मान्य. पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की केवळ घर मालकीचे आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, आणि खोटे प्रतिज्ञापन केले तर एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, म्हणून दुरुस्ती तिथेच आणि आधीच करावी लागते.

माझे मत विचाराल तर, नाव विरारला न्या. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या भरून येतात. त्यांचा खर्च परवडेल तोच उमेदवार टिकतो आणि वर्षभर नळाला पाणी नसताना गावात राहिलेल्यांची मते त्या गाड्यांखाली दबतात. तुमच्या आईचे मतही त्यातच असते. तुम्ही मतदानाच्या दिवशी रजा काढून या आणि आईला केंद्रावर घेऊन जा.

प्रश्न : सरपंचपद महिलांसाठी राखीव आहे. देवळातल्या बैठकीत बिनविरोध नाव ठरले. ज्या वहिनींचे नाव ठरले त्या बैठकीला नव्हत्या, त्यांचे यजमान होते. मी अर्ज भरते म्हटले तर म्हणतात, “गावाचो मान मोडू नको.” (मालवण तालुका)

ताई, अर्ज भरा. बिनविरोध निवडणूक बेकायदा नसते, पण ती तेव्हाच खरी, जेव्हा उभे राहू शकणारा प्रत्येक जण आपल्या मर्जीने मागे राहतो. पदाची बोली लागली तर गोष्ट वेगळीच. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याचे पुढे आले आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या.

एकाने साऱ्या गावाच्या वतीने बोलायचे आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, ही सवय आपल्याकडे खोतीच्या, म्हणजे खोत साऱ्या गावाचा शेतसारा वसूल करायचा त्या काळापासूनची आहे असे मला वाटते. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले, १९४९ मध्ये खोती नाहीशी करणारा कायदा झाला. जमिनीवरची खोती गेली, बैठकीतली अजून रेंगाळते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, यजमानांच्या नाहीत. २०२२ पासून सरपंचही पुन्हा थेट मतदारांतून निवडला जातो, म्हणजे तुम्हाला सदस्यांची मनधरणी करायची नाही. थेट उंबरठ्यावर जाऊन मत मागायचे आहे.

कागद मात्र चोख ठेवा. ग्रामपंचायतीची थकबाकी नको, सरकारी जागेवर अतिक्रमण नको आणि निकालानंतर खर्चाचा हिशेब मुदतीत द्या, हरलात तरी. हिशेब न दिल्याने अपात्र ठरलेले चांगले उमेदवार मी पाहिले आहेत. आणि कोणी वाळीत टाकायची भाषा केली तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देवळात गाऱ्हाणे तुम्हीही घालू शकता. गावदेव काय एकट्या मानकऱ्यांचा आहे?

प्रश्न : अपक्षाला मत म्हणजे वाया ना? (रत्नागिरी)

नाही. ग्रामपंचायतीत पक्षाचे चिन्ह नसतेच, तिथे कायद्याच्या नजरेत सगळे सारखे. जिल्हा परिषदेला चिन्हे असतात, हे खरे. पण माणूस बघून मत द्यायची रीत आपल्याला नवी नाही. राजापूरने लोकसभेला बॅ. नाथ पै यांना निवडून दिले, आणि १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतही मधु दंडवते यांना. दोघेही पक्षाचेच होते, पण लाटेबरोबर वाहणारे नव्हते.

प्रश्न : आमचा माणूस हरला. आता पाच वर्षे काय करायचे? (श्रीवर्धन)

ग्रामसभेला जा. वर्षात किमान चार व्हायलाच हव्यात, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभेच्या किमान हजेरीसाठी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण लागतात, यांतला जो आकडा लहान असेल तो. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग दहा-बारा जण बसून गावाचे ठराव करतात. तुमचा माणूस हरला तेव्हा त्याला मत देणारे जेवढे होते, तेवढेच पुढच्या सभेला घेऊन या. विषय आधी लेखी द्या, पोच घ्या आणि सभा संपल्यावर तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते वाचूनच घरी जा.