गिऱ्हाईक गरीब, पण चोखंदळ: मुलीने कोणती नोकरी धरावी?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून तिच्यापुढे दोन नोकऱ्या आहेत: एक हिंजवडीत, परदेशी बँकांची कामे करणाऱ्या मोठ्या कंपनीत, दुसरी नऱ्ह्यात, दूधवाले आणि किराणा दुकानदार यांच्यासाठी हिशेबाचे ॲप करणाऱ्या चाळीस माणसांच्या कंपनीत. ‘ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याच्या जिवावर कंपनी किती दिवस चालणार?’ हा आपला प्रश्न रास्त आहे. ‘आणि तिथे शिकायला तरी काय मिळणार?’ हे पुढचे वाक्य मात्र मला पटले नाही.

आमच्या धनकवडीतल्या दूधवाल्याने असे एक ॲप घेतले आणि दोन महिन्यांत पुन्हा वही धरली. कारण विचारले, तर त्याने तक्रारींची यादीच ऐकवली. ॲपला प्रत्येक रतिबाचा मोबाइल नंबर हवा होता आणि याच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे ‘तिसरा मजला, डावीकडचे’. अकरा तारखेला दूध लिटरमागे दोन रुपयांनी वाढले, तेव्हा ॲपने पहिल्या दहा दिवसांचे बिलही नव्याच दराने काढले, आणि घरोघरी बोलणी याला खावी लागली. पहाटे साडेपाचला, ओल्या हातांनी, एक खाडा मांडायला चार वेळा बोट लावावे लागे. वहीत एक फुली पुरते. शिवाय वहीला ना चार्जिंग लागते, ना रेंज.

हा माणूस अडाणी नाही, अतिशय चोखंदळ आहे. परदेशी बँकेच्या कामात अडचण वाढली, तर पुष्कळदा तासांचे बिलही वाढते. इथे वर्षाला दीड हजार रुपये घेतले असे धरले, तरी गिऱ्हाइकाकडे दोन-तीनदा माणूस पाठवताच त्यातला नफा संपतो. म्हणून फोन करण्याची वेळच येऊ नये, जुन्या आणि भरलेल्या मोबाइलवरही ते चालावे, रेंज गेली तरी नोंद हरवू नये आणि मराठी वाचताना अडखळायला होऊ नये, असे काम करावे लागते. चार हजारांच्या आसपास मिळणाऱ्या छोट्या प्रिंटरवर ‘ज्ञानेश्वर’ हे नाव न तुटता छापून दाखवणे हे, माझ्या मते, पदवीच्या कित्येक प्रोजेक्टांपेक्षा अवघड आहे.

पुण्यात हे नवेही नाही. कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९०च्या दशकात इथल्याच संगणकांना छळणाऱ्या व्हायरसवर उपाय म्हणून ‘क्विक हील’ उभे केले, आणि ती कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात आली.

आता आपल्या मूळ शंकेकडे वळतो, कारण धोका तिथेच आहे. गिऱ्हाईक गरीब असण्यापेक्षा त्याच्याकडून पैसे घ्यायला कचरणारी कंपनी मला अधिक भीतिदायक वाटते. बँक खात्यातून यूपीआयने आलेले पैसे स्वीकारण्यावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. त्यामुळे नुसते पैसे फिरवून कमाई होत नाही, आणि मोफत ॲप देऊन लाखो दुकाने जोडणाऱ्यांना पुढे कर्ज, विमा, ‘पैसे मिळाले’ असे बोलणाऱ्या डब्याचे भाडे, असे मार्ग शोधावे लागतात. गुंतवणूकदाराचा पैसा आटला की अशा ठिकाणी नव्या मुलांची नोकरी आधी जाते. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याची अशी आठव्या महिन्यात गेली. तेव्हा मुलीने मुलाखतीत न लाजता विचारावे, की पगार ॲप वापरणाऱ्यांच्या वर्गणीतून निघतो का, आणि गेल्या वर्षीच्या किती गिऱ्हाइकांनी यंदा पुन्हा पैसे भरले. आकडा सांगायला टाळाटाळ झाली, तर हिंजवडीची नोकरी घ्यावी. घरावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल, तरीही तीच घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

कंपन्यांना उत्तर द्यायला आपल्याला तीन आठवडे आहेत आणि त्यात महिन्याची पहिली तारीख येते. दूधवाले बिले काढतात तो हा दिवस. नऱ्ह्याच्या कंपनीची परवानगी घेऊन मुलीने त्या दिवशी त्यांच्या मदत कक्षात सकाळी दोन तास बसावे, येणारे फोन ऐकावेत आणि ते ऐकून तिला काय वाटले, ते मला कळवावे. त्यानंतर आपण तिघे बसून बोलू.

आपला,
करिअर मार्गदर्शक, पुणे