फिटची गोळी चालू आहे आणि इच्छाच होत नाही

"ताई, मी 32 वर्षांचा. मनीष नगरला राहतो, नोकरीला रोज बाइकने बुटीबोरीला जातो. फिटसाठी बरीच वर्षं कार्बामाझेपिन घेतोय, आता फिट येत नाही. आजाराचं लग्नाआधीच बायकोला सांगितलं होतं. पण वर्षभरापासून मला इच्छाच होत नाही, झाली तरी ताठरता टिकत नाही. तिला वाटतं ती मला आवडत नाही. टेस्टोस्टेरॉन तपासलं, नॉर्मल आलं. 'टेन्शन घेऊ नका' एवढंच ऐकायला मिळालं. परवा दोन रात्री गोळी घेतली नाही, काही झालं नाही. बंद करून पाहू का?"

भाऊ, नाही. आजची गोळी आधी घ्या. दोन रात्री निभावलं, तिसऱ्या रात्री निभावेलच असं नाही. ही औषधं एकदम सोडली की एकामागून एक झटके येऊन जिवावर बेतू शकतं, आणि तुम्ही तर वर्धा रोडच्या ट्रकांमधून बाइक चालवता.

पण तुमचा संशय खोटा नाही, हे मला ठासून सांगायचंय. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल ही औषधं यकृताला जास्त कामाला लावतात. त्यात एसएचबीजी नावाचं प्रथिन वाढतं आणि ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. शरीराला वापरता येतं ते मोकळं टेस्टोस्टेरॉन, आणि तेच कमी पडतं. रिपोर्टमध्ये मात्र बहुतेक वेळा एकूण आकडा असतो. पगाराच्या स्लिपवर रक्कम भरघोस, हप्ते कापून हातात थोडीच, तसं. म्हणून 'नॉर्मल' रिपोर्ट घेऊन तुमच्यासारखे कितीतरी पुरुष स्वतःलाच दोष देत घरी परततात. याचा मला फार राग येतो.

तेव्हा तपासणी पुन्हा करा, नीट करा. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी. एकूण टेस्टोस्टेरॉनसोबत एसएचबीजी मागा, त्यावरून मोकळं किती ते काढता येतं. एलएच आणि प्रोलॅक्टिन (मेंदूतल्या ग्रंथीतून येणारी हार्मोन्स), थायरॉइड आणि साखरही बघा. टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात. मध्येच फिट आली तर त्या दिवशी रक्त देऊ नका, प्रोलॅक्टिन तेवढ्यापुरतं वाढलेलं दिसतं. याच औषधांनी ड जीवनसत्त्वही घटतं, तेही बघून घ्या.

सगळं खापर गोळीवर फोडू नका मात्र. मेंदूच्या ज्या भागातून फिट उठते तिथूनही हार्मोन्सचा कारभार बिघडू शकतो. उदासी आणि अपुरी झोपही इच्छा मारतात. तुमच्या पत्रात थकवा ओळीओळीत दिसतोय, डॉक्टरांना तोही सांगा.

रिपोर्ट घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. आपल्याकडे नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात न्यूरोलॉजी आहे, खासगीतही डॉक्टर आहेत. सरळ विचारा, "औषध बदलता येईल का?" लॅमोट्रिजिन, लेवेटिरासेटॅम यांचा हार्मोन्सवर परिणाम बराच कमी असतो. बदल करताना जुनं हळूहळू उतरवतात, नवं हळूहळू चढवतात. लेवेटिरासेटॅमने काहींची चिडचिड वाढते, ते घरात आधीच सांगून ठेवा. व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या औषधाचा विषय निघाला आणि मूल हवं असेल तर ते स्पष्ट बोला. गर्भधारणेच्या आधीच्या 3 महिन्यांत वडील हे औषध घेत असतील तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची शक्यता धरून युरोपच्या औषध नियामकाने 2024 मध्ये सावधगिरीचा सल्ला दिलाय.

औषधाच्या दुकानातून परस्पर सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, आणू नका. कार्बामाझेपिनमुळे ती शरीरातून लवकर निघून जाते, मग 'यानेही जमलं नाही' म्हणून तुम्ही आणखी खचाल. जिममध्ये मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर अजिबात नकोत, त्यांनी शुक्राणू तयार होणंच मंदावतं.

आणि बायकोला आजच सांगा. एवढा मोठा आजार जिने समजून घेतला, तिला गोळीचा हा परिणाम कळायलाच हवा. वर्षभर ती स्वतःत खोट शोधतेय. पुढच्या भेटीला तिला सोबत न्या. दोन रात्री गोळी चुकवल्याचंही डॉक्टरांपासून लपवू नका, ते रागावले तरी चालेल.

रिपोर्ट आले की मला कळवा.