सातवं पुस्तक घेऊ का?

प्रश्न : मावशी, २०२१ आणि २०२४चे दोन्ही सिनेमे पाहून ‘ड्यून’ हाती घेतलं आणि वर्षभरात फ्रँक हर्बर्टची सहाही पुस्तकं संपवली. सहावं जिथे संपतं तिथे पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटलं. जहाज निसटलं, कुठे गेलं पत्ता नाही, आणि ते म्हातारा-म्हातारी कोण? पुढची दोन पुस्तकं लेखकाच्या मुलाने दुसऱ्या एकाबरोबर लिहिली आहेत. दोन्हींच्या किमतीत माझं आठवड्याचं मेसचं जेवण होतं. मित्र म्हणतो, हात लावू नकोस. काय करू? — एक वाचक, नाशिक

उत्तर : विकत घेऊ नकोस. कुणाकडे मिळाली तर वाच, पण आधी सहावं पुन्हा एकदा वाचून. तुझ्या मित्राने कारणं दिलेली दिसत नाहीत, ती मी देते.

डोंबिवलीत माझी एकोणतीस वर्षं लायब्ररी होती. इंग्रजी विज्ञानकथांचं एकच कपाट, आणि तेही फाउंटनच्या फुटपाथवरून भरलेलं. सहाव्या पुस्तकाची, ‘चॅप्टरहाउस: ड्यून’ची, माझी प्रत तिथलीच, शेवटची काही पानं गळालेली. त्यामुळे कित्येक वर्षं माझ्या लेखी ती गोष्ट जहाज निसटतं तिथेच संपायची, आणि खरं सांगू का, मला ते पुरायचं. तुझे म्हातारा-म्हातारी मला भेटलेच नव्हते! पुढे एका सभासदाने धड प्रत आणून दिली, तेव्हा त्यांची गाठ पडली, आणि त्यांच्याही पुढे काही मजकूर असल्याचं कळलं. तो गोष्टीचा नाही. हर्बर्टने तिथे आपल्या बायकोबद्दल, बेव्हर्लीबद्दल, लिहिलंय. ती १९८४मध्ये गेली, हवाईतल्या माउई बेटावर. पुस्तक आलं १९८५मध्ये. फेब्रुवारी १९८६मध्ये तोही गेला. तू ती पानं वाचलीस का? गोष्ट संपली की बहुतेक जण पुस्तक मिटतात. मी तर ती पानं वाचल्यावर जहाजाचं काय झालं हे विचारायचंच विसरले.

आता मुलाची बाजू. ब्रायन हर्बर्ट सांगतो की वडिलांच्या मागे काही वर्षांनी बँकेच्या सेफ डिपॉझिट बॉक्समध्ये सातव्या पुस्तकाचा आराखडा सापडला. मला त्यावर शंका घ्यायची नाही. पण सातवं लगेच आलं नाही. त्याने आणि केव्हिन अँडरसनने १९९९ ते २००४ या काळात आधी मूळ गोष्टीच्या पूर्वीच्या काळातल्या सहा कादंबऱ्या काढल्या. मग २००६मध्ये ‘हंटर्स ऑफ ड्यून’ आणि २००७मध्ये ‘सँडवर्म्स ऑफ ड्यून’. एका आराखड्याची दोन पुस्तकं झाली, आणि त्यांत २००२ ते २००४च्या तीन कादंबऱ्यांमधली मंडळी येऊन ठाण मांडून बसली. म्हणजे दोनच घेऊन भागायचं नाही, पाच लागतील. मेसचा हिशेब पुन्हा कर.

पैशांचं सोड. माझा खरा आक्षेप पहिल्याच पुस्तकातल्या एका जागेवरून आहे. विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध कधीकाळी जिहाद झाला, त्याबद्दल थोरल्या हर्बर्टने मोजक्या ओळी लिहिल्या. रेव्हरंड मदर, म्हणजे एका गूढ भगिनीसंघातली वडीलधारी बाई, कथानायक पॉलला सांगते की माणसांनी विचार करण्याचं काम यंत्रांवर सोपवलं, आणि मग यंत्रं हाताशी असलेल्या दुसऱ्या माणसांनी त्यांना गुलाम केलं. माणसांनी. मुलाच्या पुस्तकांत यंत्रंच राज्य करतात, छळतात, आणि लढाई सरळ माणूस विरुद्ध यंत्र अशी होते. बापाची ओळ आज फोन हातात घेतला तरी टोचते. मुलाच्या लढाया रंगतात, पण टोचत नाहीत.

म्हातारा-म्हातारीचंही तसंच. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य येतं : फेस डान्सर, म्हणजे हवं त्याचं रूप घेणारे, मालकांनी घडवलेले चाकर, आपल्या मालकांपासून स्वतंत्र होऊ शकतात, हे मालकांच्या गळी उतरत नाही, अशा अर्थाचं. नीट वाचलंस तर तुझ्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर तिथेच आहे. पुढच्या पुस्तकांनी वेगळंच दिलंय. कोणतं ते सांगत नाही, तेवढी मजा राहू दे.

एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि शेवटी दटावून ठेवलं : ‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाठी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’ नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. तुझ्या मित्राला ही ओवी ऐकव, खूश होईल. पण त्याला हेही सांग की ब्रायनने बापाच्या मजकुरात काही घुसडलेलं नाही. वेगळं पुस्तक, मुखपृष्ठावर स्वतःचं नाव. नरोटी असली तरी ताटाबाहेर आहे.

माझ्याकडे ‘हंटर्स’ नेणारे तिसऱ्या दिवशी परत आणायचे. कंटाळवाणं पुस्तक पंधरा-पंधरा दिवस घरी पडून राहतं, हे झरझर वाचून झालेलं असायचं. मात्र दुसऱ्यांदा कुणी मागितलं नाही. ‘ड्यून’चं बाइंडिंग मी दोनदा करून घेतलं.

प्रश्न : एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’चा पुढचा भाग दुसऱ्याच लेखकाने लिहिलाय असं कळलं. वाचण्याजोगा आहे का? — एक शिक्षक, सातारा

उत्तर : सर, जरूर वाचा. स्टीफन बॅक्स्टरचं ‘द टाइम शिप्स’, १९९५चं. मूळ पुस्तकाला तेव्हा शंभर वर्षं झाली होती, आणि वेल्सच्या वारसांची संमती होती. वेल्सने आपल्या प्रवाशाला पुन्हा यंत्रावर बसवून धाडलं ते परत आणलंच नाही, म्हणजे दार त्यानेच उघडं ठेवलेलं. बॅक्स्टरचा प्रवासी वीनाला, मूळ गोष्टीत भविष्यात भेटलेल्या आणि तिथेच गमावलेल्या मुलीला, वाचवायला निघतो, पण तिचं ८,०२,७०१ साल त्याला सापडत नाही. त्याने आपली हकीकत सांगितली, ती छापली गेली, आणि तेवढ्याने भविष्यच पालटलं! वेल्सकडे नसलेलं शंभर वर्षांचं भौतिकशास्त्र बॅक्स्टरकडे आहे आणि तो ते खुशाल वापरतो. वेल्सची नक्कल करत बसत नाही.

मधला युद्धाचा भाग लांबलाय, तिथे थोडं सोसा. त्यातला नेबोगिपफेल नावाचा शहाणासुरता मॉरलॉक (वेल्सच्या भविष्यातल्या, जमिनीखाली राहणाऱ्या जमातीतला) मुलांना आवडेल. ते नाव बॅक्स्टरचं नव्हे. १८८८मध्ये, विद्यार्थिदशा नुकतीच सरलेल्या वेल्सने ‘द क्रॉनिक आर्गोनॉट्स’ ही कालप्रवासाची कथा लिहिली, तिच्यातल्या संशोधकाचं ते नाव.